इतिहास, नाटक, विज्ञान आणि आठवणी : वाचक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी सांगलीत राहते. तीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवला, आणि त्याच्या आधीपासून लिहिते आहे. वाचनालयातला कार्यक्रम असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाहीतर पोस्टानं आलेलं पत्र असो, काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही बरीच लांबली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे मी हात आखडता घेतलेला नाही.

तुम्ही नक्की कोण? इतिहासकार, नाटककार, की विज्ञानलेखिका?

शिक्षिका. लेखनाचा हिशेबच द्यायचा तर कृष्णाकाठच्या इतिहासावर दोन पुस्तकं, शाळांसाठी आणि हौशी मंडळांसाठी काही एकांकिका, एक दीर्घ एकपात्री, मुलांसाठी विज्ञानलेख आणि कोयना खोऱ्यातल्या बालपणाच्या आठवणी. इतिहासकार हा शब्द मी स्वतःला लावत नाही. ज्यांनी उभं आयुष्य दप्तरं वाचण्यात घालवलं, त्यांचा तो शब्द आहे.

मग एखादा विषय इतिहासात घालायचा, नाटकात की आठवणींत, हे कसं ठरवता?

हरिपूरच्या पेवांचं उदाहरण देते. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथे हरिपूर आहे. तिथली माती चिवट, पाणी सहजासहजी आत झिरपू न देणारी. म्हणून जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं, आणि त्यात हळद साठवून तोंड मातीनं बंद करायचं, अशी पद्धत पडली. असं साठवलेली हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि यातली बरीच पेवं गेली.

आता यातलं काय कुठे जातं बघा. अडत्यांच्या वह्या, पावत्या, भाड्याचे करार हे कागदावर आहे, ते इतिहासाच्या पुस्तकात गेलं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. बंद जागेत प्राणवायू कमी झालेला असतो, कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, आणि तो हवेपेक्षा जड म्हणून तळाशी बसतो. म्हणून तोंड काही तास उघडं ठेवतात आणि कंदील दोरीला बांधून खाली सोडतात. विझला तर थांबायचं. ज्वलनाचा धडा शिकवायला याहून चांगला प्रयोग मला कुठल्या पाठ्यपुस्तकात दिसला नाही. तो विज्ञानलेखात आला. पण पहिल्यांदाच पेवात उतरणाऱ्या पोरसवदा हमालाच्या मनात काय चाललं असेल? वहीत त्याची मजुरी तेवढी लिहिलेली आहे. तो भाग एकांकिकेसाठी ठेवला. आणि पेवाचं तोंड फुटताना येणारा तो कोंदट, मातकट, हळदीचा वास माझ्याच नाकात आहे. त्याला पुरावा नाही. तो आठवणींत.

कागद आहे का, मोजता येतं का, कुणी सांगितलंय का, मी स्वतः तिथे होते का, एवढं मी आधी विचारते. प्रकार त्यावरून ठरतो. एका प्रकारातलं दुसऱ्यात गुपचूप सरकवायचं नाही, हे मात्र मी कसोशीनं पाळते. हमालाच्या तोंडी मी घातलेलं वाक्य उद्या कुणी इतिहास म्हणून उद्धृत केलं, तर तो दोष माझ्याकडे येतो.

विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवर'चे मूळ संवाद कुठे मिळतील?

सांगलीबाहेरचे विद्यार्थी हे सर्वांत जास्त विचारतात. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडतो: मिळणार नाहीत, कारण ते लिहिलेच नव्हते.

१८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. तसं काहीतरी आपल्याकडे, मराठीत व्हावं असं संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना वाटलं आणि त्यांनी ते काम विष्णुदासांना सांगितलं. १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' झालं. त्या खेळाची रीत आजच्या नाटकापेक्षा फार वेगळी होती. पदं विष्णुदासांनी रचलेली, ती सूत्रधार गायचा. गणपती यायचा, सरस्वती यायची, विदूषक असायचा. गद्य बोलणं मात्र पात्रांनी प्रसंग ओळखून तिथल्या तिथे करायचं. राक्षसानं आरोळी ठोकली की मुलं आईच्या पदरात शिरत असतील, पण ती आरोळी कुणी कागदावर उतरवून ठेवत नव्हतं. पुढे १८८५ मध्ये विष्णुदासांच्या पदांचा संग्रह छापला गेला. म्हणजे गाणं आपल्या हाती आलं आणि बोलणं हवेत गेलं.

मला हे फार लागून राहिलं आहे. मराठी रंगभूमीचा पहिला दिवस आपण दर वर्षी ५ नोव्हेंबरला साजरा करतो, सांगलीत त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात गर्दी होते, पण त्या पहिल्या खेळात सीता जनकाला काय म्हणाली हे कोणालाच कळणार नाही. म्हणून माझ्या पुस्तकात त्या प्रकरणात एकही संवाद नाही. एका संपादकांनी 'थोडं रंगवा' असं सुचवलं होतं. मी नकार दिला. रंगवायचंच असेल तर मी एकांकिका लिहीन आणि वर माझं नाव घालीन.

पण नाटकात तरी इतिहासाशी किती मोकळीक घेता?

माझं एकपात्री रंगो बापूजी गुप्ते यांच्यावर आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले. १८४७ मध्ये महाराज काशीत वारले. १८४८ मध्ये त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेबही गेले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीनं सातारा खालसा केला. ज्यांच्यासाठी गेले तो राजा राहिला नाही, ज्याच्यासाठी भांडत होते ते राज्यही राहिलं नाही, तरी हा माणूस १८५३ पर्यंत लंडनमध्येच अर्जविनंत्या करत होता. मला त्या नाटकात एवढीच गोष्ट धरायची होती: परक्या गावातली थंड खोली, आणि आपण कुणाचे वकील उरलो आहोत हा प्रश्न.

तारीख, ठिकाण, आणि त्या वेळी कोण जिवंत होतं, या तीन गोष्टींना मी हात लावत नाही. बोलणं माझं. खोलीत कोळशाची शेगडी होती की नाही हे मला ठाऊक नाही. नाटकात आहे, कारण नटाला हात शेकायला काहीतरी लागतं. हे सगळं प्रयोगाआधी वाचून दाखवायच्या टिपणात लिहिलेलं आहे आणि ते टिपण वगळून प्रयोग करू नये अशी माझी अट आहे.

दुसरी वाट नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची. तेही सांगलीचेच. १९०७ च्या 'कीचकवधा'त गोष्ट महाभारतातली होती, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. त्यांनी आजचं सांगायला पुराण घेतलं. तेवढी ताकद माझ्यात असती तर मीही तीच वाट धरली असती.

मोडी शिकायला किती दिवस लागतात?

अक्षरओळख महिना-दोन महिन्यांत होते. हात न उचलता ओढलेलं, ऱ्हस्व-दीर्घ न पाळणारं, घाईचं पत्र वाचायला वर्षं जातात. अक्षर लागलं तरी तारीख अडवते. जुन्या कागदात 'समान सितैन मया व अलफ' असं आलं की नवा माणूस बिचकतो. अरबी शब्दांतली ती बेरीज आहे: आठ, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६८. हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, इथे १७६७-६८. शकात लिहिलं असतं तर १६८९ आलं असतं. या सुहूर सनाचं वर्ष सूर्य मृगात गेल्यावर सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पेरणी तोंडावर आली की नवं वर्ष. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला का?

हा प्रश्न साताऱ्यात विचारला जातो तेव्हा त्यात राग असतो, आणि मी पाटण तालुक्यातलीच असल्यामुळे तो राग मला कळतो. तरी उत्तर नीट द्यायला हवं.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६१-६२ पासून पाणी साठायला लागलं आणि त्यानंतर खोऱ्यात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा धक्का आला. तो बहुतेक ठिकाणी ६.३ तीव्रतेचा नोंदलेला आहे. कोयनानगर जवळजवळ सगळं पडलं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. धरणाच्या भिंतीला भेगा गेल्या, पुढे तिला टेकू देऊन ती बळकट केली. जलाशयाशी जोडलेला एवढा मोठा भूकंप जगात दुसरा झालेला नाही, असं भूकंपशास्त्रज्ञ सांगतात.

पाणी नेमकं काय करतं? जमिनीखालच्या खडकात जुन्या भेगा असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजू लाखो वर्षांच्या ताणानं एकमेकींवर दाबलेल्या असतात. घर्षणामुळे त्या सरकत नाहीत. वर अफाट पाणी साठलं की त्याचं वजन पडतं, शिवाय ते भेगांतून खोल उतरतं. भेगेत शिरलेलं पाणी दोन्ही बाजूंना आतून रेटतं, त्यामुळे त्यांची एकमेकींवरची पकड सुटते. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर दुसरी फरशी ठेवून बघा, कोरडी असताना न हलणारी ती किती सहज घसरते. भूकंपाची शक्ती पृथ्वीच्या पोटातली, आधीपासून साठलेली. पाण्यानं तिला वाट दिली. दोन्ही वाक्यं एकत्र सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही, आणि सभेत बहुतेक वेळा एकच वाक्य घेतलं जातं.

कोयनेचं वैशिष्ट्य असं की धक्के आजही थांबलेले नाहीत, आणि ते साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यातच येतात. त्यामुळे भूकंप जवळून अभ्यासायला ही जागा मिळाली. कऱ्हाडजवळ हजारमाचीला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, तिच्या कामासाठी कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विवर घेतलं गेलं. सह्याद्रीचा काळा पाषाण तिथे साधारण किलोमीटर-सव्वा किलोमीटरवर संपतो आणि खाली थेट ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक लागतो. लहानपणी ज्या खडकावर आम्ही कपडे धूत होतो त्याचा तळ कुणीतरी गाठला, हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

६ आणि ५ रिश्टरमध्ये फरक कितीसा?

एका अंकाचा फरक म्हणजे जमिनीची हालचाल सुमारे दहापट आणि शक्ती सुमारे बत्तीसपट. 'एकानंच तर कमी' असं म्हणू नये.

तुमच्या आठवणींतली ती चांदण्याची पहाट खरी आहे का?

नाही. आणि हे मला एका वाचकानं कळवलं.

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. माती-दगडाच्या भिंतींचं कौलारू घर. मांडणीवरची भांडी खाली आल्याचा आवाज आधी, मग आजीनं माझा दंड धरून ओढलं, मग गोठ्यातल्या गाईचं हंबरणं. अंगणात आलो तेव्हा घराची पूर्वेकडची भिंत नव्हती आणि चांदण्यात वडिलांचा चेहरा पांढराफटक दिसत होता. हे मी एका दिवाळी अंकात लिहिलं. अगदी डोळ्यांपुढे असल्यासारखं लिहिलं, कारण ते डोळ्यांपुढेच होतं.

इस्लामपूरहून एक पोस्टकार्ड आलं. चार ओळींचं, अतिशय नम्र. त्या पहाटे चंद्र मावळलेला होता, पंचांग पाहावं, एवढंच.

मी पाहिलं. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष, पौर्णिमा १६ डिसेंबरला, म्हणजे अजून पाच दिवसांवर. अशा तिथीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर तास-दोन तासांत मावळतो. ४ वाजून २१ मिनिटांनी खोऱ्यात मिट्ट काळोख असणार. डिसेंबरातल्या सूर्योदयाला अजून अडीच तास होते. मुलांना चंद्राच्या कला शिकवत आयुष्य गेलं, आणि आपल्याच आठवणीला मी तो धडा कधी लावला नव्हता.

मग ते चांदणं आलं कुठून? थोरल्या भावाला विचारलं. तो म्हणाला, "अगं, त्या रात्री कंदील होता. बापूंच्या हातात. पण नंतर आपण खळ्यावर झोपत होतो की, कितीतरी रात्री." तेव्हा उलगडलं. धक्के येतच राहिले, म्हणून घरात कुणी निजायचं नाही. रोज थोडा मोठा होणारा चंद्र खळ्यावर, आणि वडील उशाशी जागे बसलेले. त्या पाच-सात रात्रींतलं चांदणं सरकत सरकत त्या एका पहाटेवर जाऊन बसलं.

मग पुस्तकात ती चूक दुरुस्त केली का?

वाक्य तसंच ठेवलं आणि लगेच खाली पंचांगाची गोष्ट लिहिली. काही वाचकांना हे आवडलं नाही; प्रसंगाची धार गेली असं ते म्हणतात. मला तसं वाटत नाही. सात वर्षांच्या मुलीला एकाच पहाटेत इतक्या रात्री गोळा कराव्या लागल्या, यातून त्या दिवसांची भीती मला जास्त कळते. पोस्टकार्ड पाठवणाऱ्यांचे आभार मी पहिल्या पानावर मानले आहेत, त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव न घेता.

आठवणींत गावाचं आणि माणसांचं नाव का देत नाही?

त्यातली काही माणसं हयात आहेत, काहींची मुलं आहेत. माझी आठवण त्यांच्या दारात जाऊन उभी राहू नये. पाटण तालुका एवढं पुरेसं आहे.

सांगलीच्या २०१९ च्या महापुरावर नाटक का लिहिलं नाही?

विज्ञानलेख लिहिला. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. १९२९ साली झालेला हा पूल सांगलीकरांचं पावसाळ्यातलं घड्याळ आहे. "किती फूट झालं?" एवढंच एकमेकांना विचारतात आणि त्या एका आकड्यावरून कोणत्या गल्लीत पाणी येणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं. हे ज्ञान कुठे छापलेलं नव्हतं, म्हणून मी ते गल्लीगल्लीतून विचारून लिहिलं.

नाटक नाही लिहिलं. पुढच्या रांगेत गच्चीवर दोन रात्री काढलेली बाई बसलेली असताना रंगमंचावरून 'वाचवा' अशी आरोळी मला ऐकवणार नाही. आठवण म्हणाल तर एक पान आहे. आमच्या शेजारच्या काकू बोटीत बसल्या तेव्हा मांडीवर देव्हाऱ्यातले देव होते आणि मुठीत घराची किल्ली. घर पाण्याखाली होतं. त्यांना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "राहू दे तसंच." म्हणून ते पान राहिलं.

नाटकांत सांगली-साताऱ्याची बोली वापरता, मग विज्ञानलेख प्रमाण मराठीत का?

विज्ञानलेख राज्यभरातली मुलं वाचतात. तरी शब्द मी जमिनीवरचेच शोधते. भूकंपाच्या लेखात 'छिद्रदाब' हा शब्द येतो, पण त्याआधी 'भेगेतल्या पाण्याचा रेटा' येतो. मुलाला रेटा कळला की छिद्रदाब पाठ करावा लागत नाही.

आमच्या घरी जुने मोडी कागद आहेत. काय करावं?

फेकू नका, आणि दुरुस्तही करू नका. चिकटपट्टी लावणं, लॅमिनेशन करणं हे कागदाचं मरण आहे. कागद रुमालात बांधलेले असतील तर आधी आहेत त्या क्रमानं फोटो काढा. कुठला कागद कुठल्या शेजारी होता यालाही अर्थ असतो. स्वच्छ सुती कापडात, ओल नसलेल्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवा. पुरात भिजले असतील तर उन्हात वाळवू नका. पानांमध्ये टीपकागद घालून सावलीत, पंख्याखाली वाळवा आणि टीपकागद बदलत राहा. एकदम सगळं वाळवणं जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि तज्ज्ञ माणूस मिळेपर्यंत वेळ मिळतो. कोल्हापूर आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात विचारता येईल. मला दाखवायला आणलेत तर मी आनंदानं पाहीन, मात्र कागद माझ्याकडे ठेवून घेणार नाही. कृष्णेच्या काठावरच्या घरात दुसऱ्याचे कागद ठेवायचा मला धीर होत नाही.

आमच्या शाळेत तुमची एकांकिका करू का?

जरूर करा, मानधन नको. टिपण वाचा, तारखा बदलू नका, आणि झालं की मुलांनी काय प्रश्न विचारले ते कळवा.

सध्या काय लिहिताय?

पेवाची एकांकिका, तिसऱ्यांदा. आयुष्यभर पेवात उतरलेले एक आजोबा दर गुरुवारी येतात, चहा घेतात आणि ऐकतात. पहिल्या खर्ड्यात कंदील विझतो तेव्हा पोरगा भीतीनं मागे सरतो आणि आपल्या आईबद्दल चार वाक्यं बोलतो. मला ती वाक्यं फार प्रिय होती. आजोबांनी ऐकलं आणि मान हलवली. "भ्या वाटतं म्हणून न्हाई थांबत आमी, बाई. आत वारं न्हाई म्हणून थांबतो." आता पोरगा एवढंच बोलतो. मग दोघं पेवाच्या तोंडाशी बसून राहतात, कंदील वर ओढतात, पुन्हा पेटवतात आणि पुन्हा खाली सोडतात.